कॉस्टिंग आधी की जिन आधी? बी.कॉम.च्या विषयक्रमाचं एक प्रकरण

ऑगस्ट २०२४. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातले अकरा जण, सात मुली आणि चार मुलं, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव-चोपडा पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनच्या, फाटकापाशी उभे होते. हातात माझ्या सहीचं पत्र: 'क्षेत्र प्रकल्पासाठी सहकार्य करावे ही विनंती.' फाटक उघडंच होतं, पण आत सगळं सामसूम. वजनकाट्याभोवती गुडघाभर गवत, यंत्रांवर ताडपत्र्या. बाजेवर बसलेल्या राखणदाराने पत्र हातात घेतलं, न वाचताच परत दिलं आणि म्हणाला, "जिन बंद शे ना पोरीहो. कापूस येवाले टाईम शे. दिवायीनंतर या."

मुलांनी तिथूनच मला फोन केला. मी त्यांना परत या म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक मुलगी विभागात आली. तिच्या घरी पाच एकर कापूस आहे. तिने खाली बघतच सांगितलं, "मॅडम, जिन बंद असणार हे मला माहीत होतं. पण विषय तुम्ही दिला होता, म्हणून बोलले नाही."

हे वाक्य मला फार लागलं. खान्देशात राहून, वीस वर्षं वाणिज्य शिकवून, कापसाच्या प्रकल्पासाठी मी मुलांना ऑगस्टमध्ये जिनवर पाठवलं होतं. मुहूर्ताची थोडीफार खरेदी गणपतीत होते, पण जिन खरे सुरू होतात ते दसरा-दिवाळीनंतर. तिला हे ठाऊक होतं आणि आमच्या तक्त्यापुढे तिने स्वतःचं ठाऊक असणं गिळून टाकलं. हे प्रकरण मी लिहून काढते आहे ते अशाच दुसऱ्या वाणिज्य विभागांसाठी, कारण सध्या सगळीकडेच विषयांचे तक्ते नव्याने मांडले जात आहेत.

तक्ता कसा बनतो

आमच्या कॉलेजला स्वायत्तता आहे. पदवी विद्यापीठाची, पण कोणत्या सत्रात कोणता पेपर ठेवायचा आणि त्यात काय शिकवायचं हे आमचं अभ्यास मंडळ ठरवतं. त्यामुळे या प्रकरणातली जबाबदारी आमचीच. तक्ता आमच्या विभागाने केला आणि त्याखालची पहिली सही माझी होती.

नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आली. स्वायत्त कॉलेजांनी ती २०२३-२४ पासून लागू केली, संलग्न कॉलेजांत ती पुढच्या वर्षी आली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. आमच्याकडे प्रत्येक सत्र २२ क्रेडिटचं आहे. पण हे २२ क्रेडिट एका विषयाचे नसतात, ते कप्प्यांत वाटलेले असतात: मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, दुसऱ्या विद्याशाखेतला खुला वैकल्पिक विषय, व्यवसाय कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरा, सहशालेय उपक्रम. पुढे क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि शेवटच्या सत्रात १२० तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी.

पहिल्या वर्षाच्या ४४ क्रेडिटपैकी मेजरचे आमच्याकडे १२ आणि मेजरशी जोडलेल्या व्यवसाय कौशल्याचे ४. म्हणजे वाणिज्याचा गाभा ४४ पैकी १६. बाकीचं निरुपयोगी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. वाणिज्याच्या मुलीने भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राचा एखादा पेपर घ्यावा हे मला मनापासून पटतं. पण जेव्हा मुख्य विषयाला एवढीच जागा असते, तेव्हा त्या जागेत काय आधी आणि काय नंतर येतं याला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वजन येतं. नेमकं तेच आम्ही बघितलं नाही.

खरं काय घडलं ते सांगते. जुन्या अभ्यासक्रमातले १०० गुणांचे पेपर आम्ही कापून दोन-दोन आणि चार-चार क्रेडिटचे केले. मग कप्पे भरायला बसलो. भरताना समोर होता कार्यभार. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात. कोणाचे १४ भरत होते, कोणाचे १८ होत होते. कॉस्टिंग, म्हणजे मालाचा खर्च काढायची पद्धत, शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे तास तिसऱ्या सत्रात पूर्ण भरले, म्हणून कॉस्टिंग पाचव्या सत्रात गेलं. क्षेत्र प्रकल्प चौकटीप्रमाणे तिसऱ्या सत्रात होता, त्याला विषय हवा होता. मी म्हटलं, कापूस घेऊ, आपल्या मुलांच्या घरचाच आहे. सगळ्यांनी मान हलवली. त्या दुपारी कोणाच्याही समोर कॅलेंडर नव्हतं, आणि 'कॉस्टिंग आलं नसताना ही मुलं जिनवर जाऊन बघणार काय?' हा प्रश्नही कोणाला पडला नाही.

म्हणजे जिन जरी ऑगस्टमध्ये चालू असता, तरी प्रकल्प फसलाच असता. तो बंद होता म्हणून चूक लवकर दिसली.

जानेवारीतला जिन

त्या अकरा जणांचा प्रकल्प आम्ही त्या वेळी कसाबसा पूर्ण करून घेतला: बाजार समितीतली माहिती, शेतकऱ्यांच्या मुलाखती, चार तक्ते. गुण मिळाले, क्रेडिट मिळाले. पण जानेवारी २०२५ मध्ये त्यातले चौघं परत त्याच जिनवर जायला निघाले. त्याला क्रेडिट नव्हतं, गुण नव्हते. कापसाच्या घरची ती मुलगी त्यांत होती. शनिवार होता, मीही गेले.

आता तिथे वेगळंच गाव वसलं होतं. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आत कापसाचे पांढरे ढीग, हवेत तंतू, यंत्रांच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कापूस एका बाजूने आत जातो, रुई आणि सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. एक गाठ १७० किलोची. भाव मात्र खंडीवर बोलला जातो, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो रुई.

मुनीम साठीचे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मुलीने विचारलं, "आप्पा, खंडी कितीला पडते हे तुम्ही कसं काढता?" त्यांनी जुन्या पावतीची कोरी बाजू घेतली आणि सोयीसाठी गोल आकडे धरून हिशेब मांडला. मी तो तसाच उतरवून घेतला.

कापूस ७,००० रुपये क्विंटलने घेतला. १०० किलोतून रुई ३४ किलो, सरकी ६४ किलो, घट २ किलो. सरकी ३२ रुपये किलोने गेली, म्हणजे २,०४८ रुपये परत आले. ७,००० मधून ते वजा केले, राहिले ४,९५२. जिनिंग-प्रेसिंगचा खर्च २५० धरला, झाले ५,२०२. हे सगळे ३४ किलो रुईवर बसतात, म्हणजे किलोला १५३ रुपये. गुणिले ३५६. खंडी पडली ५४,४६८ रुपयांना.

मग आप्पांनी पेन मुलीच्या हातात दिलं. "आता सरकी दोन रुपयांनी उतरली. सांग बरं."

तिने मांडलं. ६४ किलोवर १२८ रुपये कमी आले, ते ३४ किलो रुईवर चढले. खंडी ५५,८०८ वर गेली. तेराशे चाळीस रुपयांचा फरक. तिने दोनदा तपासलं, मग म्हणाली, "आप्पा, रुईचा बाजार जागचा हलला नाही, तरी तुमचा नफा गेला?"

"तेच तर. आणि उतारा ३४ चा ३३ झाला तर?"

उतारा म्हणजे १०० किलो कापसातून निघणारी रुई. ३३ किलो रुई, ६५ किलो सरकी. सरकीचे २,०८० आले, बाकी ५,१७० रुपये ३३ किलोवर बसले. खंडी ५५,७७३. एका टक्क्याने तेराशे रुपये. तेव्हा त्या मुलीला पहिल्यांदा कळलं की काट्यावर माल बघणारा माणूस कापूस हातात घेऊन का दाबतो, ओलाव्याची कटती, म्हणजे कपात, एवढी कडक का असते, आणि तिच्या वडिलांचा आणि शेजाऱ्याचा कापूस एकाच दिवशी वेगळ्या भावाने का गेला. परत येताना ती बसमध्ये बोलली नाही. वहीत काहीतरी लिहीत होती.

आप्पांनी पावतीमागे जे केलं त्याला आमच्या पुस्तकात उपउत्पादनाचा हिशेब म्हणतात. उपउत्पादनाचे पैसे मुख्य मालाच्या खर्चातून वजा करायचे आणि उरलेला खर्च मुख्य मालावर बसवायचा. हा भाग आमच्या तक्त्यात पाचव्या सत्रात होता आणि उदाहरण तेलशुद्धीकरणाचं होतं. जी मुलगी दहा वर्षं सरकी आणि ढेप बघत मोठी झाली, तिला ही गोष्ट पदवीच्या तिसऱ्या वर्षी, नॅफ्था आणि केरोसीनच्या आकड्यांतून शिकवायचं आम्ही ठरवलं होतं.

बाण

त्या सोमवारी मी विभागात कार्डशीट टाचलं. सहा सत्रांचे सहा उभे रकाने, त्यात प्रत्येक पेपरची चौकट. नियम एकच: ज्या पेपरसाठी दुसरा पेपर आधी यायला हवा, त्या दुसऱ्या पेपरपासून पहिल्याकडे बाण काढायचा. बाण नेहमी डावीकडून उजवीकडे जायला हवा.

पाच जण बसलो. तासाभरात चार बाण उलटे निघाले. कॉस्टिंगकडून क्षेत्र प्रकल्पाकडे जाणारा बाण पाचव्या सत्रातून मागे तिसऱ्यात येत होता. संगणकावरच्या लेखांकनाचा कौशल्य पेपर दुसऱ्या सत्रात, आणि त्यात जीएसटीची बिलं भरायची, पण जीएसटी पाचव्यात. संशोधन पद्धतीतली प्रश्नावली चौथ्यात, मुलाखती घ्यायच्या तिसऱ्यात. चौथा बाण मायनरचा होता. मायनरची मुख्य अडचण वेगळीच आहे, तिच्याकडे मग येते.

ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक गंभीर आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. ते म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या सत्रातल्या मुलांचं साधं लेखांकन अजून पक्कं नसतं. कॉस्टिंग खाली ओढलं तर दोन्ही कच्चं राहील." दोन बैठका यावर गेल्या. शेवटी कॉस्टिंगचे दोन तुकडे झाले. खर्चाचे घटक, कॉस्ट शीट म्हणजे खर्चाचं पत्रक, एका नगाचा खर्च आणि उपउत्पादनाची वजावट एवढाच भाग तिसऱ्या सत्रात व्यवसाय कौशल्याच्या दोन क्रेडिटमध्ये आला. प्रक्रिया परिव्यय, प्रमाण परिव्यय, सीमांत परिव्यय या कॉस्टिंगच्या पुढच्या पद्धती पाचव्यात राहिल्या. त्या सहकाऱ्यांनीच तिसऱ्या सत्रातला तुकडा शिकवायला घेतला. त्यांचे तास १७ झाले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग कॅलेंडर. तिसरं सत्र जून-जुलैत सुरू होतं आणि दिवाळीच्या आसपास संपतं. या काळात इथे काय चालू असतं? कृषी केंद्रं. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि त्यांची उधारी. म्हणून क्षेत्र प्रकल्पाचे ६० तास आम्ही खरीपाच्या उधारीकडे वळवले. मुलं गावातली कुटुंबं घेतात, नावं न लिहिता नोंदवतात: किती माल उधार, कोणत्या बोलीवर, व्याज उघड आहे की भावातच मिसळलेलं. चौथ्या सत्रात, जानेवारीत, तीच मुलं जिनवर जातात आणि कॉस्ट शीट प्रत्यक्ष भरतात, त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत. जूनमधली उधारी आणि कापूस विकल्यावरची तिची वसुली, दोन्ही टोकं आता एकाच विद्यार्थ्याच्या वहीत येतात. हे सुचलं ते त्याच मुलीच्या वहीवरून. तिने बसमध्ये घरच्या उधारीचा हिशेब खंडीच्या हिशेबाला जोडून बघितला होता.

सगळ्यांनाच कापूस हवा असं नाही. यावल-रावेरकडच्या मुलांना केळी जवळची, नंदुरबारच्या मुलांना मिरची, जळगावातल्यांना डाळमिल किंवा चटईचे कारखाने. मिरचीचा हंगामही हिवाळ्यातलाच, तो चौथ्या सत्रात बसला. केळीचा माल वर्षाच्या बहुतेक काळात निघत असतो, त्यामुळे तिथे अडचण आली नाही.

वेळापत्रकाचंही एक सांगते. खुला वैकल्पिक विषय सगळ्या विद्याशाखांचा एकत्र असल्याने तो सकाळी साडेसातला ठेवला होता. तापीकाठच्या गावांची एसटी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचते. त्या विषयाला 'गैरहजेरी जास्त' असा शेरा वर्षभर पडत होता. तास अकराला नेला आणि शेरा गेला.

जे अजून सुटलेलं नाही

मायनर. कागदावर तीन पर्याय आहेत: बँकिंग, अर्थशास्त्र, सांख्यिकी. प्रत्यक्षात वर्ग भरण्याएवढी मुलं एकाच विषयाला येतात, म्हणून बाकीचे बंद पडतात आणि सगळ्यांना बँकिंग मिळतं. सांख्यिकी मागणारी सहा मुलं होती. त्यांना नाही म्हणावं लागलं. जवळच्या दुसऱ्या कॉलेजशी मिळून हा वर्ग चालवता येईल, क्रेडिट तर विद्यार्थ्याच्या नावाने क्रेडिट बँक नावाच्या खात्यात जमा होतातच, ती सोय त्यासाठीच आहे. पण दोन कॉलेजांची वेळापत्रकं आणि मधली एसटी जुळेपर्यंत हे नुसतं बोलणंच आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडता येतं. ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र, ८० ते ८८ वर पदविका, सोबत ४ क्रेडिटचं जास्तीचं काम. आमच्या भागात हे नुसतं कलम नाही. पाऊस गेला, भाव पडला किंवा मुलीचं लग्न ठरलं की शिक्षण मधेच थांबतं. पूर्वी त्यांच्या हातात काहीच पडत नव्हतं, आता कागद पडतो, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या कागदामागे काय असतं? जुन्या तक्त्याप्रमाणे दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्या मुलाला कॉस्टिंगचा एक तासही मिळाला नव्हता, जीएसटी नव्हता. तो एखाद्या दुकानात किंवा जिनवर हिशेबाला बसला असता तर पहिल्याच दिवशी अडला असता. म्हणून आता प्रत्येक पेपर तक्त्यात बसवताना आम्ही विचारतो: हा विद्यार्थी याच सत्राच्या शेवटी गेला, तर त्याला काय येत असेल? पहिल्या वर्षाचं उत्तर अजूनही समाधानकारक नाही. रोकडवही, बँक ताळमेळ, एक साधं बिल एवढंच येतं. त्यावर काम चालू आहे.

शेजारच्या बीबीए विभागाने आमचा तक्ता मागून नेला. त्यांच्याकडे २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते, प्रवेशाला राज्याची सीईटी आहे, कप्पे थोडे वेगळे आहेत. बाण मात्र त्यांचेही तीन ठिकाणी उलटे निघाले.

जानेवारी २०२६

नवा क्रम लागू झालेली पहिली तुकडी या जानेवारीत त्याच जिनवर गेली. बत्तीस मुलं, दोन गट. तिसऱ्या सत्रातलं कॉस्टिंग झालेलं, हातात कोरी कॉस्ट शीट. आप्पांनी कापसाचा भाव आणि सरकीचा भाव सांगितला आणि बाजूला बसून राहिले. वीस मिनिटांत बहुतेकांची खंडी निघाली. एका मुलाने घट धरलीच नव्हती, त्याची खंडी स्वस्त आली. आप्पांनी त्याला जिनमागे उडणाऱ्या कचऱ्याकडे नेलं आणि म्हणाले, "हे दोन किलो तू विकले कुणाला?"

गेल्या वर्षीची ती मुलगीही आली होती, आता तिसऱ्या वर्षात, नुकतंच पाचवं सत्र संपवून. तिचं ओजेटी इथेच ठरलं आहे, १२० तास. ते जानेवारीतच सुरू केलं, कारण मार्चअखेर जिनवर काम उरत नाही. निघताना आप्पांनी सगळ्यांना विचारलं, "शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी कोण भरतो?"

बत्तीस जण गप्प. ती म्हणाली, "घेणारा. रिव्हर्स चार्ज. शेतकऱ्याकडे नोंदणी नसते, म्हणून जिनवाल्याने भरायचा."

दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने लगेच विचारलं, "मॅडम, मग हा कर कॉस्ट शीटमध्ये कुठे लिहायचा?" खर्चात धरायचा की परत मिळणारा म्हणून बाहेर ठेवायचा, हे चौथ्या सत्रातल्या मुलाला सांगायला आमच्याकडे पेपर नव्हता. तिथेच, वजनकाट्याच्या खोलीत उभं राहून तिने त्याला ते समजावलं: भरलेला कर पुढच्या विक्रीवरच्या करातून वजा मिळतो, म्हणून खंडीत धरायचा नाही, पण तोवर पैसा अडकतो, तो खेळत्या भांडवलात दिसेल.

कार्डशीटवर आता पेन्सिलने आणखी एक बाण काढला आहे, जीएसटीच्या चौकटीपासून चौथ्या सत्रातल्या जिनभेटीकडे. तो उलटा आहे. अभ्यास मंडळाच्या मार्चमधल्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवला आहे, आणि आप्पांच्या मालकांना उद्योग प्रतिनिधी म्हणून बोलावलं आहे.